अठ्ठावीस दिवस अनवाणी

गोजरबाईचा दिवस पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. मोबाइलचा गजर एकदा वाजायचा. दुसऱ्यांदा वाजायची वेळ तिनं कधी येऊ दिली नाही. नळाचा दिवस असला तर आधी पिंप भरायचं, नसला तर आधी कणीक मळायची. मग धुणं, भांडी, फरशी, मुलीचा डबा. दहाला सृष्टी शाळेत गेली की गोजरबाई धुतलेली साडी नेसायची, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घालायची आणि मुकुंदवाडीच्या चौकात शेअर रिक्षा धरून कामावर जायची.

काम म्हणजे धंदा. आडपडदा ठेवून सांगण्यात अर्थ नाही. रेल्वे स्टेशनकडच्या एका गल्लीत तिची भाड्याची खोली होती. वेळ अकरा ते चार. चार वाजले की दार बंद, मग बाहेर कोणी नोटा हातात घेऊन उभा असला तरी. सृष्टी घरी यायच्या आधी घरी पोचायचं, हा नियम. मी एकतीस वर्षं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात रबराच्या प्रेसवर उभा राहिलो. पाळी सुटली म्हणजे सुटली, हे मला पटतं.

ती आमच्यापासून दोन घरं पलीकडं राहायची. कोणी विचारलंच तर 'दवाखान्यात आयाचं काम' म्हणायची. विचारणाराही 'असं का' म्हणायचा. दोघांचं भागायचं. माझ्या बायकोला, चतुराबाईला, मात्र तिनं पहिल्याच महिन्यात खरं सांगितलं होतं. "मामी, मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगते. नको वाटलं तर चहाला बोलवू नका." चतुराबाईनं चहा टाकला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा चहा व्हायचा.

गोजरबाई मूळची पैठणकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. वय बेचाळीस. सृष्टी दोन वर्षांची असताना नवरा दुसरा संसार मांडायला पुण्याला गेला. त्याबद्दल ती एवढंच बोलायची.

तिची मैत्रीण पुतळाबाई. वय पंचावन्न. दोन वर्षांपूर्वी तिनं धंदा सोडला आणि अशाच बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत लागली. खांद्याला पिशवी, पिशवीत निरोधाची पाकिटं, जिभेला धार.

फेब्रुवारीच्या शेवटी या संस्थेनं तपासणी ठेवली. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची. डॉक्टर मंजुषा नावाच्या बाई आल्या होत्या. त्यांनी अकरा बायकांना समोर बसवून सरळ सांगितलं. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. संबंधातून लागतो. पुष्कळांचा आपोआप जातो, काहींचा मुक्काम ठोकून राहतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. आधी सापडला तर थांबवता येतो.

"पण मॅडम, आम्ही पाकिटाशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाय," गोजरबाई म्हणाली.

"फार चांगलं. त्यानं धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. हा कातडीला कातडी लागूनही पसरतो."

"मंग लग्नाच्या बायकांना पण व्हतो?"

"होतो की."

"आसं सांगा ना मंग," पुतळाबाई म्हणाली. "मला वाटलं आमच्यासाठीच स्पेशल बनवला का काय."

तपासणी सुरू झाली आणि लगेच अडली. पहिल्या बाईच्या नमुन्यात काही आलं नाही. दुसरीच्या नाही. चौथ्या बाईनंतर डॉक्टर बाहेर आल्या आणि विचारलं, "तुम्ही सगळ्यांनी काय लावून धुतलंय?"

मग पुतळाबाईच बोलली, "फटकडी, मॅडम."

या धंद्यात फटकडीचा खडा प्रत्येक खोलीत असतो, स्वच्छतेला आणि आणखीही कारणाला. आज तर खुद्द डॉक्टरीणबाई बघणार, म्हणून अकराच्या अकरा बायकांनी सकाळी दोन-दोनदा फटकडीचं पाणी वापरलं होतं; तपासायला आत काही उरलंच नव्हतं.

"पाव्हणा येणार म्हणल्यावर घर झाडून घ्यावंच लागतं ना," पुतळाबाई म्हणाली.

"मला झाडलेलं घर नको," डॉक्टर म्हणाल्या. "मी धूळच बघायला आले आहे." स्वतःच हसल्या, मग सगळ्या हसल्या. मग त्यांनी अट सांगितली. परत यायचं. येण्याआधी दोन दिवस आतून धुवायचं नाही, औषध नाही, आणि गिऱ्हाईक नाही.

शेवटच्या अटीवर कुरकुर झाली. दोन दिवस म्हणजे दोन दिवसांचा रोज. आजचाही गेलाच होता. अर्ध्या बायका परत येणार नाहीत हे डॉक्टरांना दिसत होतं. तेव्हा गोजरबाई उठली.

"मॅडम, सहा तारखेला ठेवा. कंपन्यांचा पगार सातला व्हतो. चार, पाच, सहाला आमच्याकडं कुत्रं पण फिरकत नाय. फुकटात सुट्टी."

सहा मार्चला अकराच्या अकरा आल्या. नमुने चांगले गेले. तो सातचा पगार मी एकतीस वर्षं घेतला, पण त्याच्या आधीच्या तीन दिवसांचा असा उपयोग मला सुचला नसता.

रिपोर्ट यायला तीन आठवडे गेले. पुतळाबाई दुपारी गोजरबाईच्या घरी आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुझा पॉझिटिव्ह आलाय."

या बायकांच्या कानाला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत असतो, एड्स. गोजरबाई म्हणाली, "सृष्टीला कोण बघंल?"

"आगं बये, त्यो नाय. त्या दिवशी मॅडमनी सांगितला तो. नीट ऐकून तर घे, मंग मर."

मोठ्या दवाखान्यात पुढची तपासणी झाली. आत एक डाग सापडला. कॅन्सर नव्हता, होण्याच्या वाटेवरचा होता. डॉक्टर मंजुषांनी त्याच दिवशी गरम टोकाच्या यंत्रानं तो जाळला. एक मिनिटही लागलं नाही. पाळीत दुखतं तसं थोडं दुखलं. ती दोन एप्रिलची गोष्ट.

"आता ऐक," डॉक्टर म्हणाल्या. "आत जखम आहे. चार आठवडे कुणाशीही संबंध नाही. भरू दिलीस तर पुढचं मोठं दुखणं बहुतेक टळेल. भरू दिली नाहीस तर रक्त जाईल, जंतू जातील, आणि दुसरे भलते रोग याच वाटेनं आत येतील."

"चार आठवडे म्हंजे किती दिवस, मॅडम?"

"अठ्ठावीस."

"पंचवीस केले तर?"

"अठ्ठावीस."

पोटाचा प्रश्न तिनं स्वतः सोडवला. थोडं साठवलेलं होतं. शिवाय चतुराबाई घरी बसून रबराच्या वायसरची कड कापायचं काम करायची. साच्यातून निघालेल्या वायसरला पातळ पापुद्रा राहतो, तो छोट्या कात्रीनं गोल कापून काढायचा. नगावर पैसे. गोजरबाई त्या कामाला बसली. पहिल्या दिवशी तिनं दोनशे नग कापले. मी त्यातले एकशे चाळीस परत दिले.

"कामून मामा? कापले की."

"कापलेस. गोल नाही कापलेस. हा इथं चावलाय."

"एवढं कोण बगतंय?"

"मी बघतोय."

तिनं माझ्याकडं रागानं पाहिलं आणि कात्री उचलली. तिसऱ्या दिवशी परत द्यायला एकही नग उरला नाही. कात्री न थांबवता ती माणसाशी बोलू शकायची. ते सगळ्यांना जमत नाही.

खरा प्रश्न गिऱ्हाइकांचा होता. दवाखान्यातून आल्या त्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर तिघी बसल्या होत्या, मी आत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टरनं मना केलंय आसं सांगितलं," गोजरबाई म्हणाली, "तर उद्या सगळ्या स्टेशनात बोभाटा. गोजरला रोग झाला. मंग अठ्ठावीस दिवस नाय, जन्माची सुट्टी."

"गावाला गेली म्हणून सांग," चतुराबाई म्हणाली.

"मामी, रामहरीचा टेम्पो दिवसातून चारदा या चौकातून जातो. मी काय घरात कोंडून घेऊ?"

रामहरी म्हणजे तिचं जुनं गिऱ्हाईक. कंपन्यांचा माल वाहणारा. मनानं साधा, तोंडानं सैल. त्याला कळलं की शहराला कळलं.

पुतळाबाई बराच वेळ सुपारी कातरत होती. मग म्हणाली, "नवस."

"काय?"

"नवस बोललीस म्हणून सांग. अठ्ठावीस दिवस अनवाणी, अंगाला पुरुषाचा हात नाय. डॉक्टरला कोण मोजत नाय. देवीला हे समदे भितात. नवरात्रात बगत नाय का, नऊ दिवस कशे लांबून जातात ते?"

"खोटा नवस? मेसाई जीभ झडवील माझी."

"मंग खरा बोल ना! आत्ता बोल. जखम भरू दे म्हणून बोल. खोटं कुठं राहिलं?"

गोजरबाईनं दोन मिनिटं विचार केला. मग पदर डोक्यावर घेतला, गावाच्या दिशेला हात जोडले आणि गावच्या मेसाईला नवस बोलली. उठली, चपला उचलून आमच्या माळ्यावर टाकल्या, आणि अनवाणी घरी गेली.

एप्रिलचं ऊन. दुसऱ्याच दिवशी पायाला फोड आले. चतुराबाई म्हणाली, घरात तरी घाल. ती म्हणाली, "घरात घातल्या तर नवस कसला, सोंग झालं."

नवस लागू पडला. फोन आला की ती म्हणायची, नवस चाललाय. पलीकडचा लगेच फोन ठेवायचा. काही जण तर 'माफ कर' म्हणायचे. रामहरीनं चौकात टेम्पो थांबवला, तिचे पाय पाहिले, आणि स्वतःची टोपी काढली. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आला.

"कोणची देवी, गोजर?"

"मेसाई."

"कडक हाय?"

"लई कडक."

"टेम्पोचं क्लच सारखं जातंय. जरा इचार ना तिला."

"आरे, मी देवरुशी हाय का मेकॅनिक?"

"तरी इचार."

तिनं सुटका करून घ्यायला सांगितलं की क्लचवर सारखा पाय ठेवून चालवत जाऊ नको. त्यानं पाय काढला. क्लच टिकला. साध्या गोष्टी अशाच असतात, पण रामहरीनं ते सगळ्या गोदामांत सांगितलं. मग नारळ येऊ लागले. एकाला सुपरवायझर त्रास देत होता. एकाची म्हैस गाभण राहत नव्हती. गोजरबाई सगळ्यांना एकच सांगायची, "जा बाबा, व्हईल नीट." दहाव्या दिवशी घरात सतरा नारळ होते. सृष्टी म्हणाली, "आई, आता चटणी नको. परवापासून चटणीच चाललीय." अर्धे नारळ आमच्याकडं आले. आम्हीही चटणी खाल्ली.

"मामा," एकदा ती वायसर कापता कापता म्हणाली, "दहा वर्षं या लोकांनी माझ्याकडं तोंड वर करून बगितलं नाय. आता पाय बगून हात जोडायलेत. बाई तर तीच हाय."

मी म्हणालो, "एक नग बाजूला पडला तुझा. उचल."

एकोणिसाव्या दिवशी कडुबा आला. हा सेंट्रिंगचा ठेकेदार. महिन्यातून एकदा यायचा, पण पैसा दाबून द्यायचा. तीन वेळा फोन करूनही ती येईना म्हणून दुपारी दोनला त्यानं मुकुंदवाडीत, किराणा दुकानापुढं, तिला गाठलं. मी दुकानातच होतो. साखर घेत होतो.

"चल," तो म्हणाला.

"नवस चाललाय."

"मला ते रामहरीचं ज्ञान सांगू नको. महिनाभराचं जे बुडलं असंल ते सगळं आज एका दुपारी देतो. रोख."

गोजरबाईनं तेलाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी तिला ओळखतो. ती विचार करत होती. साठवलेलं संपत आलं होतं, वायसरवर घर चालत नव्हतं. दोन आठवडे तिला काही दुखत नव्हतं, रक्त नव्हतं. आत जखम आहे हे तिला डॉक्टरच्या शब्दावर मानायचं होतं. रबर साच्यात शिजत असताना बाहेरून काही दिसत नाही. तरी वेळ भरायच्या आधी साचा उघडला की माल गेला. नव्या पोरांना हे शंभरदा सांगावं लागतं.

"कोणाला कळणार हाय?" कडुबा म्हणाला. "देवी काय मोजत बसलीय?"

"देवीचं मला ठाऊक नाय," गोजरबाई म्हणाली. "मी मोजायले. एकोणीस दिवस डांबरावर पाय भाजून घेतलेत. तुझ्या एका दुपारसाठी मी परत पहिल्या दिवसावर जाऊ का? नऊ दिवस राहिलेत. जा."

त्यानं तिचा दंड धरला. ती ओरडली नाही. हातातली तेलाची पिशवी तिनं नीट कट्ट्यावर ठेवली, म्हणजे सांडू नये, आणि मग त्याच्या मनगटावर असा फटका मारला की दुकानदारानं हातातलं वजन खाली ठेवलं. मी गल्ल्याच्या बाजूनं पुढं झालो. तेवढ्यात रस्त्यावर ब्रेक करकरला. रामहरी टेम्पोचं दार उघडं टाकून पळत आला.

"देवीच्या बाईला हात लावतो व्हय रे! तुझ्या सेंट्रिंगचं खांब राहत्यान का उभे?"

माणसं जमली. हा काय प्रकार आहे ते कोणाला नीट माहीत नव्हतं, पण बाई अनवाणी आहे, नवस आहे, आणि यानं तिला धरलं, एवढं पुरे झालं. एक म्हातारा म्हणाला, पाया पड. दुसरा म्हणाला, नारळ फोडायला लाव. कडुबाच्या तीन साइटवर स्लॅब ओतायचे होते. खांबांचं नाव निघाल्यावर त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं दुकानातूनच नारळ घेतला, तिच्या पायाशी ठेवला आणि खाली वाकला.

"व्हईल नीट," गोजरबाई म्हणाली. "तेलाची पिशवी द्या कोणी तरी."

घरी येऊन ती चतुराबाईजवळ थोडी रडली. मग दीडशे नग कापले.

तीस एप्रिलला अठ्ठावीस दिवस भरले. मधे सुटी होती, म्हणून दोन मेला ती आणि पुतळाबाई दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाल्या, "छान भरलीय. एक दिवसही मोडला नाहीस, दिसतंय. आता वर्षानं परत तपासणी. ती चुकवायची नाही."

"वर्षानं साफ निघंल?"

"बहुतेक. नाही निघालं तर परत बघू. म्हणूनच यायचं."

गोजरबाईनं विचारलं, याची लस असते म्हणतात, ती मलाच टोचून टाका. डॉक्टर म्हणाल्या, "तुझ्या वयाला आता फारसा उपयोग नाही. तुझ्यासाठी तपासणी. लस विषाणू लागायच्या आधी द्यायची असते. मुलगी किती वर्षांची?"

"तेरा."

"मग तिला दे. दोन डोस, मधे सहा महिने."

गोजरबाई हळू म्हणाली, "शाळेत कळलं तर म्हणतील, आई तसली म्हणून पोरीला टोचली."

"माझ्या मुलीला गेल्या वर्षी दिली. मी कसली आहे?"

पुतळाबाई फिसकन हसली. "मॅडम, त्ये आम्ही कशाला सांगावं?"

डॉक्टरही हसल्या. गोजरबाई हसली नाही. "पुढं लेकरं होत नायत म्हणतात."

"खोटं आहे. दंड दुखेल दोन दिवस. कुणाला ताप येतो. याच्यापलीकडं काही झालं तर मला फोन कर." त्यांनी चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. ही लस तिथं फुकट नव्हती, बाहेरच्या दवाखान्यात विकत घ्यावी लागणार होती. तेही त्यांनी सांगितलं.

त्या रात्री गोजरबाईनं सृष्टीला लशीचं सगळं सांगितलं, आपलं दुखणं धरून. पोरीनं विचारलं, "तू त्याच्यासाठी अनवाणी चालत होतीस?" "व्हय," एवढं ती बोलली.

पाच मेला ती परत कामावर गेली. सातला पगार झाला, आठवडा बरा गेला. फक्त रामहरीचं अवघड झालं. तो आला, दाराबाहेर चपला काढल्या, आणि हात जोडून उभा राहिला.

"ये की आत," गोजरबाई म्हणाली. "सुटला नवस."

"नाय माय. आता माझ्याच्यानं नाय व्हायचं."

"माय? चार वर्षं गोजर म्हणत आला, आता माय?"

"पाय बगितल्यात मी तुझे," तो म्हणाला, आणि गेला.

"एक पक्कं गिऱ्हाईक खाल्लं मेसाईनं," ती चतुराबाईला सांगत होती. "नवसाची फी म्हणायची."

दहा मेला सकाळी ती सृष्टीला घेऊन जालना रोडवरच्या एका बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात गेली. चतुराबाई बरोबर होती, मी रिक्षा धरून दिली. कंपाउंडरनं फॉर्मवर विचारलं, आईचा व्यवसाय. गोजरबाई म्हणाली, "लिहा, मजुरी." त्यानं लिहिलं. सुई आत गेली, बाहेर आली. सृष्टी म्हणाली, "एवढंच?"

काउंटरवर गोजरबाईनं नोटा दोनदा मोजून ठेवल्या. पाच ते नऊ मे, रोज अकरा ते चार. पाच दिवसांची ती कमाई सगळी सृष्टीच्या डाव्या दंडात गेली.